वहिनीची साडी आणि रांगेतलं बिल

मुलाच्या हळदीच्या दिवशी दुपारी मी आहेराची बॅग उघडली आणि माझं डोकंच फिरलं. वहिनीसाठी काढून ठेवलेली मोरपंखी साडी गायब. तिच्या जागी जांभळी, आणि ती जांभळी साडी आमच्या वास्तुशांतीला वहिनीनेच मला दिलेली. आहेरात आलेल्या साड्या आम्ही सगळ्याच बायका पुढे ढकलतो, त्यात लाजायचं काही नाही. पण जिची तिलाच परत दिली, म्हणजे संपलंच.

मोरपंखी साडी धाकट्या जावेने सकाळीच कुणा मावशीला देऊन टाकली होती. "ताई, ही पन कोरीच हाय," ती म्हणाली.

"कोरी हाय गो, पन तिचीच हाय!"

एरवी मी हसून सोडलं असतं. पण दादाने आमच्याकडे येणं बंद करून काही वर्षं झाली होती. आईच्या दिवसकार्यात शब्दाने शब्द वाढला आणि तो उठून गेला, तो गेलाच. आमंत्रणाला मी स्वतः दोनदा गेले, तेव्हा कुठे "येतो" म्हणाला. मामाशिवाय हळद लावायची कशी? आणि एवढ्यावर वहिनीच्या हातात तिचीच साडी ठेवली असती, तर दोघांनी पुन्हा माझा उंबरा चढला नसता.

आमच्या गव्हाणहून रिक्षा करून पनवेलचं कपड्यांचं मोठं दुकान गाठलं. लग्नसराई, त्यात सेल. साडी पटकन मिळाली, पण बिलाची रांग काउंटरपासून वळसे घेत लहान मुलांच्या कपड्यांपर्यंत आलेली. पुढच्या बाईच्या ट्रॉलीत अख्ख्या गावाचे कपडे. तेवढ्यात घरून फोन आला, दादा आला म्हणून. माझा जीव टांगणीला.

गळ्यात छोटं मशीन अडकवलेली एक मुलगी रांगेतून फिरत होती. "काकी, फोनवरून पैसे देणार असाल तर इथेच बिल करते."

"आणि कागद?"

"बिल मेसेजने येईल."

"नाही आलं तर दारातला वॉचमन मला चोर म्हणून धरेल. घरात हळद आहे गं माझ्या, चौकीत नको बसवूस मला." मी जरा चढ्याच आवाजात बोलले. तिने हसतच साडीच्या लेबलवर मशीन धरलं, माझा नंबर घेतला, मी कोड स्कॅन करून पैसे भरले. झालं. मला खरंच वाटेना. दारापर्यंत मोबाईल आरतीच्या ताटासारखा पुढे धरून चालले. वॉचमनने मेसेज पाहिला आणि "जावा" म्हणाला. रिक्षात बसल्यावर कुठे नीट श्वास घेतला, आणि त्या पोरीला मनातल्या मनात होते नव्हते तेवढे आशीर्वाद देऊन टाकले.

दादा मांडवात परक्यासारखा खुर्चीच्या टोकाला बसला होता. मी वहिनीची ओटी भरून साडी दिली. तिने पदर उलगडला, तर किमतीचं लेबल तसंच लोंबत होतं. गडबडीत कुणी काढलंच नव्हतं. मी रिक्षातून पिशवी घेऊन उतरले तेही तिने पाहिलं होतं.

"आता आनली?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी मान हलवली.

वहिनी दादाकडे वळली. "अवो, घरात हलद, दारात पावनं, आन ही बाय माझ्यासाठी दुकानात गेलेली."

 दादाने उठून शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"बाय, हलदीचं ताट कुठं हाय? भाच्याला पयली मी लावनार."

मला तिथेच सगळ्यांदेखत रडू फुटलं.