पंतांची जीभ

सखारामपंत ओव्हरसियर बांधकामावर आले की छत्री मुकादमाच्या हाती देत, पागोटं सारखं करत आणि थेट चुना मळायच्या बैलघाण्यापाशी जात. बैल थांबवायला सांगत. मळलेला चुना बोटाच्या टोकावर घेऊन जिभेवर ठेवत आणि म्हणत, "बघू, चुना काय म्हणतो." चव घेणारा माणूस डोळे मिटतो. पंत मिटत नसत. ते मक्तेदाराच्या तोंडाकडे टक लावून बघत. मग थुंकून, चूळ भरून एकच शब्द बोलत, "गोड," नाहीतर "खारा." त्यावर म्युनिसिपालिटीत कोणी दुसरा शब्द काढत नसे.

हे का, ते ठाण्याबाहेरच्यांना सांगायला हवं. ठाण्याला खाडी दाराशी, त्यामुळे खाडीची रेती जवळजवळ फुकट. गोड्या पाण्याची रेती कल्याणच्या वरून, नदीतून, मचव्यात घालून आणावी लागे. मचव्याचं भाडं आणि भरती-ओहोटीचा खोळंबा धरला की भिंतीचा खर्च चांगलाच चढे. खाडीच्या रेतीची भिंत पहिल्या वर्षी देखणी दिसते. दोन पावसाळे गेले की लोणा फुटतो, पांढरी पूड झडू लागते आणि गिलावा हाताला येतो. म्हणून सरकारी काम गोड्या रेतीतच व्हावं असा नियम होता, आणि तो पाळला की नाही हे पंतांची जीभ ठरवी.

पंतांनी कधी लाच घेतली नाही, हे मी कबूल करतो. एका सावकाराने घराच्या दुरुस्तीच्या परवानगीसाठी आंब्यांची करंडी पाठवली, तर पंतांनी ती परत पाठवलीच, वर त्याचा रस्त्यावर आलेला ओटा मोजून हातभर तोडायला लावला. घेणारे असते तर माझं काम सोपं झालं असतं. बोली लावणं मला येतं.

मी धर्मा, कल्याणचा. बाप विटा पाडायचा. मी थापी धरली, मग चार माणसं ठेवली, मग मक्ते घेऊ लागलो. तळ्याकाठच्या दवाखान्याचा मक्ता हा माझा पहिला मोठा मक्ता. त्यासाठी मी स्वतः मचव्यावर बसून रेती आणली. भिंती खिडकीच्या तळापर्यंत चढल्या होत्या तेव्हा पंत आले. घाण्यावर चुना ओढणारी सोनाबाई मोठ्याने म्हणाली, "पंतांना भाकर द्या गं चुन्यासंगं, रोज नुसताच खातात." सगळे हसले. पंत हसले नाहीत. चुना जिभेवर ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मला राग लवकर येतो. मी म्हणालो, "काय बघता पंत? चव चुन्यात आहे, माझ्या थोबाडात नाही."

पंत थुंकले. "खारा."

मी ओरडलो, हात आपटला, मचवेवाल्याला साक्षीला बोलावतो म्हणालो. पंत शांतपणे म्हणाले, "धर्मा, आवाज चढवून रेती गोड होत नाही."

आठवड्यात मंजूर मक्तेदारांच्या यादीतून माझं नाव गेलं. यादीत नाव नसलेल्या माणसाने साधी ओसरी दुरुस्त करायचा अर्ज केला तरी तो कचेरीत पडून राहतो. घरमालकांना हे ठाऊक असतं, म्हणून तेही दुसऱ्याकडे जातात. मी परत थापी धरली, तीही दुसऱ्यांच्या हाताखाली. कल्याणच्या बाजारात मला खाऱ्या धर्मा म्हणू लागले. माझ्या मुलीच्या सोयरिकीत व्याह्याने हेच नाव काढून हुंडा वाढवून मागितला.

दवाखान्याचं उरलेलं काम बाळाशेट नावाच्या मक्तेदाराला मिळालं. बाळाशेट म्हणजे सदा हसतमुख. तो पंतांना वाकून नमस्कार करी, चुना स्वतःच्या हाताने पुढे करी आणि म्हणे, "घ्या पंत, निवांत घ्या." त्याला नेहमी "गोड" मिळे. माझी भिंत पाडली नव्हती. पंत म्हणाले, "खालचं राहू द्या, पाडण्याचा खर्च मंजूर नाही." बाळाशेटने माझ्या भिंतीवरच पुढे भिंत चढवली.

मी दर वर्षी पावसाळा संपला की ती भिंत बघायला ठाण्याला जायचो. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या तळापासून वर लोणा फुटला. खाली काही नाही. जणू कोणी दोरी धरून आडवी रेघ मारली होती, वर बाळाशेट, खाली मी. मी कचेरीत जाऊन पंतांना म्हणालो, "चला, बघा." ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "निकाल झालेला आहे." त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस एक दिवस माझ्याकडे येईल, आणि तेव्हा मी दर सांगेन.

बारा वर्षांनी त्यांचा निरोप आला. मधल्या काळात मी कल्याणात खासगी कामं करून पुन्हा उभा राहिलो होतो. पंत पेन्शनीत निघून ठाण्यात स्वतःचं घर बांधून राहत होते. ते घर बाळाशेटने बांधलं होतं. मी गेलो तेव्हा माजघराच्या भिंती कमरेपर्यंत सोलल्या होत्या आणि देवघराच्या कोनाड्यात पांढरी पूड साचली होती. पंत वाकले होते, पण पागोटं तसंच होतं.

"धर्माजीराव," ते म्हणाले. पूर्वी मी नुसता धर्मा होतो. "काय खर्च येईल?"

"गिलावा खरवडायचा, सांध्यांच्या दरजा खोल उकरायच्या, गोड्या रेतीत सगळं पुन्हा भरायचं. माझा नेहमीचा दर, पैही कमी नाही. आणि वर एक अट. बाजाराच्या दिवशी दवाखान्यापाशी यायचं. माझ्या भिंतीचा चुना चार माणसांसमोर जिभेवर ठेवायचा आणि काय लागतो ते सांगायचं."

सुनेने दोन पेल्यांत गूळपाणी आणून ठेवलं. पंतांनी आपला पेला अर्धा संपवला. मी एक घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकलो. नुसतं खारट.

"काय झालं?" पंतांनी विचारलं, आणि उरलेलं पिऊ लागले.

आतल्या दारातून त्यांची बायको सुनेला म्हणाली, "अगं, धुण्याच्या घागरीतलं दिलंस की काय? भरतीला विहीर खारी होते, किती वेळा सांगायचं? यांचं काय, यांना त्या मोठ्या तापापासून मीठ कळत नाही की साखर. पाहुण्यांना तरी..."

"पुरे," पंत म्हणाले. पण ते बोलून झालं होतं.

मी विचारलं, "मोठा ताप कधी आला होता?" उत्तर आतूनच आलं, "आमची धाकटी पाळण्यात होती तेव्हा." धाकटी तिथेच ओसरीवर आपलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्याच्या कितीतरी आधीची गोष्ट.

"जीभ मेलेली होती," मी म्हणालो.

"हळू बोला," पंत म्हणाले. "चुन्याची पारख गेली म्हटल्यावर ओव्हरसियरला कोण ठेवणार? मी तोंडं बघत असे. चोर दचकतो, धर्माजीराव. फार थोड्या वेळा चुकलो."

"मी दचकलो होतो?"

"नाही. तुम्ही भडकलात. मला वाटलं, दचकणं झाकताय."

"आणि बाळाशेट?"

पंतांनी भिंतीकडे पाहिलं. "तो हसत होता."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी जिवंत आहे तोवर कुठे बोलू नका. या जिभेच्या भरवशावर किती कागदांवर सह्या केल्यात." मी शब्द दिला. अट मात्र सोडली नाही.

बाजाराच्या दिवशी ते काठी टेकत आले. मी खालच्या भिंतीतला चुना उकरून त्यांच्या बोटावर ठेवला. माणसं जमली. पंतांनी तो जिभेवर ठेवला आणि जुन्या सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मीही बघत राहिलो. त्या क्षणी एक शब्द बोललो असतो तर तो म्हातारा तिथेच संपला असता. त्यालाही ते ठाऊक होतं.

"गोड," ते म्हणाले. "तेव्हाही गोडच होता. चूक माझी."

खाऱ्या धर्मा हे नाव त्या दिवशी गेलं. ज्या जिभेने ते दिलं तिनेच ते काढलं, आणि दोन्ही वेळा तिला काही कळलं नव्हतं. मला पोटभर सूड मिळायला हवा होता, तो असा अर्धाच मिळाला.

पंतांचं घर मी दुरुस्त करून दिलं. पूर्ण दर घेतला. काल त्यांचा तेरावा झाला, तिथे जेवून आलो. माझा शब्द ते जिवंत असेपर्यंतचा होता, म्हणून आज लिहायला बसलो. त्या जिभेने ज्यांची नावं यादीतून काढली त्यांतले जे अजून आहेत त्यांनी हे वाचावं आणि आपापल्या भिंती बघून याव्यात. पंतांच्या भिंती आता कोरड्या ठणठणीत आहेत. कोणीही जाऊन जीभ लावून पाहावी.