शब्बाथच्या मुक्कामाचं घर

तुमच्याकडे इस्राएलात शुक्रवारी दुपार कलली की दुकानं मिटतात, बस थांबतात, आणि शब्बाथचा विसावा पाळायला वेगळं काही करावं लागत नाही. लखनौत आम्हाला तो ठरवून पाळावा लागे. नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांची रेल्वेतून तिथं बदली झाली, तेव्हा आम्हा बेने इस्राएली ज्यूंची शहरात मोजकीच घरं होती, तीही चार दिशांना. एक कुटुंब चिनहटच्या कारखान्याजवळ, एक शास्त्रज्ञांचं जानकीपुरमला, कुणी छावणीत. शब्बाथला वाहनात बसायचं नाही आणि चालत जाण्याइतकं कुणीच जवळ नाही. म्हणून जो तो आपल्या घरी दिवा लावी आणि आपल्यापुरती प्रार्थना म्हणे.

यावर तोड काढली ती एका मावशींनी. मूळच्या अलिबागकडच्या. यजमान रेल्वेतून निवृत्त होऊन लखनौतच घर बांधून राहिलेले. ते गेल्यावर त्या एकट्या होत्या. एकुलता मुलगा इस्राएलला. त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला की शुक्रवारी सूर्यास्ताआधी माझ्याकडे या आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर परत जा. लोक संकोचले. इतक्यांची अंथरुणं त्यांनी कुठून आणायची? मावशींनी सांगितलं, ज्यानं त्यानं आपली गादी आणि रजई आणावी, आणि ती इथंच ठेवावी.

त्यातलं शहाणपण मला उशिरा कळलं. वर्गणी देऊन माणूस घरी बसू शकतो. पण लखनौच्या थंडीत ज्याची जाड रजई मावशींकडे, तो घरी कसा बसणार? जानकीपुरमचे शास्त्रज्ञ एका शुक्रवारी कंटाळा करू लागले, तर मावशींनी फोनवर सांगितलं, "नाही आलात तरी चालेल हो. तुमच्या रजईत मांजर निजलंय, त्याला मी उठवत नाही." सूर्य मावळायच्या आत ते सहकुटुंब हजर झाले.

असं ते घर वाढत गेलं. अमीनाबादच्या बाजारातून कापड आणून आम्ही बैठकीच्या खोलीला पडदे केले. प्रार्थनेच्या पुस्तकांसाठी फळी ठोकली. शनिवारी दुपारी तुमचे आजोबा मुलांना हिब्रू अक्षरं शिकवीत. मुलं ऐकत मराठीत आणि उत्तरं देत हिंदीत. मावशी शुक्रवारीच माशाची आमटी करून ठेवत आणि वाढताना नदीच्या माशाला समुद्राची चव नाही म्हणून दरवेळी माफी मागत. तरीही पातेलं रिकामं होई. सगळे त्या घराला केंद्र म्हणू लागले. मावशी म्हणत, "केंद्र तुमचं. गच्ची गळते ती माझी."

मग एका हिवाळ्यात त्या जिन्यावर घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मुलाला कळलं आणि तो आईला कायमची न्यायला आला. घर विकायचं असं त्यानं ठरवलं होतं. मावशी गेल्या की केंद्रही संपणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण मुलाकडे जाऊ नका, असं आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

शुक्रवार आला आणि घर भरलं. मुलाच्या जुन्या खोलीत चिनहटचं कुटुंब झोपायचं, तेव्हा तो बैठकीत आडवा झाला. सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराशी गेला, तर एक छोटी मुलगी म्हणाली, "अंकल, लाइन पीछे से है।" तो मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहिला.

शब्बाथ सुटल्यावर त्यानं सगळ्यांसमोरच विषय काढला. "आई, तू इथं एकटी असतेस. तिकडे माझा जीव थाऱ्यावर नसतो."

मावशी म्हणाल्या, "मी नसले म्हणून तुमच्या गावातला शब्बाथ अडतो का रे? इथला अडेल."

मुलानं विचारलं, आजारी पडलीस तर रात्री कोण? चिनहटच्या बाईंनी सांगितलं की आम्ही पाळीपाळीनं येऊन राहू. गाद्या तर इथंच आहेत. तुमचे आजोबा डॉक्टरांचं बघतो म्हणाले. मुलानं जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, इथं चांगला गवंडी कुठं मिळतो?

परतीचं तिकीट त्यानं पुढे ढकललं. जिन्याला कठडा बसला, आणि मागच्या व्हरांड्यात दुसरं न्हाणीघर उभं राहिलं, आत आईला धरायला भिंतीत दांडी बसवलेलं. मावशींना टाइल्सचा गुलाबी रंग मुळीच पसंत नव्हता, आणि ते त्यांनी गवंड्यालाही सांगितलं, मुलालाही.

तो निघाला त्या दिवशी आम्ही दोघं त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. मावशी आल्या नाहीत. ताज्या सिमेंटवर पाणी मारायला घरी कुणीतरी हवं होतं.