बशीची कावीळ

आमच्या गावात कावीळ बरी होत नसे, उतरत असे. सत्तर सालानंतरची गोष्ट. अड्याळच्या वाटेवर एक म्हातारा ती हातांवाटे उतरवायचा. आधी कसल्याशा सालीचं पाणी आजाऱ्याच्या हातांना चोळायचा, मग चुन्याच्या निवळीने हात धुवायचा. परातीत पिवळंधमक पाणी पडायचं आणि बघणारे हात जोडायचे.

माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना होता. तिचे डोळे पिवळे झाले, अन्नाचा वास सोसेना. माय तिला रोज म्हाताऱ्याकडे न्यायची आणि परात बघून म्हणायची, "उतरून राहिली." बहीण मात्र रोज जास्तच पिवळी दिसत होती.

मी नववीत होते. गुरुजींनी हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी टाकून तो लाल करून दाखवला होता. झाडापानांचा रंग चुन्याने बदलतो, घरी करून पाहा, म्हणाले होते. मला नादच लागला. जास्वंद झाली, पळसाची फुलं झाली. कावीळ उतरवायच्या पाचव्या दिवशी मीही बहिणीसोबत गेले तर म्हाताऱ्याच्या वाडग्याचा वास ओळखीचा वाटला. आंब्याची साल! घरी येऊन साल कुटली, भिजवली, ते पाणी हातांना चोळलं आणि मायच्या पानाच्या डबीतला चुना कालवून वर ओतला. हात पिवळेजर्द. आणि मी तर ठणठणीत होते!

धावत मायकडे गेले. तिने हात पाहिले नि कपाळ बडवून घेतलं. "तुले बी झाली का वो पोरी!"

करायला गेले काय नि झालं काय. दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघींना म्हाताऱ्यापुढे बसवलं. "माय, हा सालीचा रंग होय वो," मी रडून सांगत होते. तिने पाठीत धपाटा घातला. संध्याकाळी मी हट्टाने मायच्याच हातांना साल चोळून वर निवळी ओतली. तेही पिवळे झाले. "आता घरात रांधन कोन?" माय एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बहीण बरळू लागली, मला ओळखेना. माझं डोकंच फिरलं. चहाची पांढरी बशी मायपुढे आपटली, तिच्यात सालीचं पाणी ओतलं, वर निवळी ओतली. बशीत पिवळंच पिवळं.

"आता या बशीले बी कावीळ झाली का वो माय?"

माय बशीकडे बघत राहिली. मग तिने बाबांना बैल जुंपायला सांगितलं. गाडीने अड्याळ, तिथून एसटीने भंडारा. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. पहाटे बहीण गेली, पोटातल्या जिवासकट.

तेरवी झाल्यावर माय भांडी घासत होती. ती बशी हाती आली तशी थांबली.

"पोरी, बशी पयलेच काहून नाही दाखवली?"

तिला मला बोल लावायचा नव्हता. ती खरंच विचारत होती.