दोरी बांधलेला दगड

या, अशा जवळ येऊन बसा. पण बायांनो, चपला कशाही उडवून आलात, हे काही बरं नाही. आमच्या जपानी वहिनी असत्या तर एव्हाना गुपचूप दारात जाऊन सगळ्यांच्या चपला बाहेर तोंड करून जोडीजोडीनं मांडून आल्या असत्या. निघताना पाय घातला की झालं.

हिमायतनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटात राहायच्या त्या. वयानं मला लेकीसारख्या, पण बिल्डिंगभर वहिनीच. नवऱ्याची इथल्या कंपनीत नोकरी. मराठीचा गंध नाही, पण भाजीवालीकडून इथली दखनी हिंदी मात्र अस्सल उचलली होती. मी जिन्यात घाई केली की म्हणायच्या, "हल्लू, मौशी, हल्लू."

आमचे हे गेल्यापासून मी महिला मंडळात जाणं सोडलं होतं. कोणी काही बोलत नव्हतं हो. पण कुंकवाचा करंडा फिरायला लागला की मला नेमकं स्वयंपाकघरातलं काम आठवायचं. वहिनींना यातलं काय ठाऊक? शहराबाहेर जपानी बाग आहे, मंडळाला दाखवते म्हणाल्या आणि मलाही हाताला धरून गाडीत बसवलं.

तळं, लाकडी पूल, ओळी ओढलेली पांढरी वाळू. आमच्यातली एक म्हणाली, रांगोळी अर्धीच का सोडली? वहिनी तोंडावर हात धरून हसल्या. मग थर्मासातला हिरवा चहा दिला. एकीनं पर्समधून साखरेची पुडी काढली, तर वहिनींनी त्यातली चिमूट आधी स्वतःच्या कपात घातली. तिला अवघडल्यासारखं नको व्हायला.

पुढे वाटेच्या मधोमध एक गोल दगड, काळ्या दोरीनं बांधलेला. बायकांना वाटलं, जपान्यांचा देव. त्यात शुक्रवार. करंडे निघालेच. हळदकुंकू वाहिलं, वर एक फूल. वहिनी मागून आल्या आणि बघतच राहिल्या.

"ये पत्थर बोलता, आगे नक्को जाओ. बस, इत्ताच."

म्हणजे वाट अडवणाऱ्या दगडाचीच पूजा करून आम्ही मोकळ्या! हसून हसून पुरेवाट झाली.

पण करंडा उघडला की बायका एकमेकींना लावणारच. मी सवयीनं तळ्यातले मासे बघायला बाजूला झाले. वहिनी करंडा घेऊन माझ्यापाशी आल्या आणि सगळ्यांना विचारलं, "इनको भूल गए क्या?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मागे सरावं की उभं राहावं, मला कळेना. सरले असते ना, तर पुन्हा त्या बायकांत कधी गेले नसते. मी मान खाली केली. कुंकू लावणारं वहिनींचं बोट गार होतं. तेवढ्यात मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या बाई पुढे आल्या. "हळद राहिली की," म्हणाल्या, आणि त्यांनी ती लावली.

परतताना मी वहिनींना खरं काय ते सांगितलं. घाबरल्याच त्या. चालत्या गाडीत वाकून वाकून माफी मागायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "माफी नक्को."

पुढे नवऱ्याची बदली झाली नि त्या आपल्या देशी गेल्या. समोरच्या दाराला कुलूप आहे. त्यांनी माझं काय केलं, ते मला त्यांना कधी नीट सांगताच आलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी आहे. सगळ्याजणी या. आणि तुमच्या शेजारी कुणी असेल, जिला बोलावणं जात नाही, तिला हाताला धरून आणा. पण तोवर थांबू नका गं, त्याआधीही एकदा या. लवकर या.