लहानपणापासूनची ओळख

पनवेलच्या कोर्टात मी काळा कोट घालून कितीतरी वर्षं वावरते आहे. तरी बार रूममध्ये कुणाचा चार्जर सापडेनासा झाला की मी आपली पर्स उघडून टेबलावर ठेवते. कुणी मागत नाही, पण कुणी नकोही म्हणत नाही. ही सवय मला आमच्या वाडीने लावली. कोन गावाच्या पलीकडे डोंगराला लागून आमची कातकरी वाडी आहे. चोरी कुठेही होवो, पोलिसांची जीप आधी आमच्याकडे येते. त्यामुळे कुणी विनाकारण गोड बोललं की माझे कान टवकारतात.

तसंच त्या दिवशी झालं. आमच्यातले एक ज्येष्ठ वकील, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या वाडीत कायद्याचं शिबिर घेऊ या. समान न्याय हा विषय." बारची निवडणूक तोंडावर आली होती. फोटोत पुढे बसवायला मीच बरी सापडले, असं मनात म्हणत मी मान हलवली. चहा मात्र तसाच ठेवला.

खरं तर माझा जीव दुसरीकडेच अडकला होता. माझा चुलतभाऊ तुरुंगात होता. द्रोणागिरीकडच्या एका गोदामातून तांब्याची केबल गेली आणि तिथल्या हमालांत कातकरी हा एकटाच. मी त्याचा जामीन मंजूर करून घेतला होता, पण तो सुटत नव्हता. जामीनदार इथलाच हवा आणि त्याच्या नावावर जमीन नाहीतर घर हवं. आमची अख्खी वाडी दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहे, सातबारा आणायचा कुठून? दिवाळी सरली होती, वीटभट्टीवर निघायचे दिवस आले होते. भट्टीवर नवराबायकोची जोडी लागते, एकट्या बाईला कुणी घेत नाही. वहिनी रोज विचारायची, "जज सोड म्हनला ना? मग तो घरी का नाय?" मी तिच्यावरच उगाच डाफरायचे.

शिबिराच्या सकाळी मांडव पडला, बॅनर लागला, वकिलांच्या गाड्या आल्या. त्यांच्या पुढे पोलिसांची जीप होती. बंदोबस्त म्हणून ती आमच्या बारनेच मागवली होती! वळणावर जीप दिसली मात्र, वाडीतले सगळे बाप्ये डोंगरात पसार झाले. उरल्या म्हाताऱ्या, कोंबड्या आणि रिकाम्या खुर्च्या.

"लोकांना निरोप दिला नव्हता का?" सरांनी विचारलं.

"दिला होता. तुम्ही जीप आणलीत."

"अहो, ती आपल्या सुरक्षेसाठी."

"कुणापासून?"

सरांनी जीप परत पाठवली. मग एकेक जण खाली उतरला, पण मांडवाच्या आत कुणी येईना. एका वकिलांनी माइक हातात घेऊन कायद्यापुढे सगळे सारखे, असं बरंच सांगितलं. त्यांचं आटोपतं न आटोपतं तोच माझी काकी, म्हणजे त्या चुलतभावाची आई, उठून उभी राहिली.

"तुमच्यात कोनाच्या नावावर जमीन हाय का? आमच्या पोराला जामीन ऱ्हावा. आमी काय तुमाला बुडवनार नाय."

कुणी घसा खाकरला, कुणी मोबाइल काढला. भाषण करणारे वकील समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, वकिलाला जामीन राहता येत नाही. तसा नियम आहे."

माझं डोकं फिरलं. "नियम आपल्या अशिलापुरता आहे," मी म्हटलं. "तो अशील माझा आहे. तुमच्यापैकी कुणाचाच नाही."

शेवटी सर म्हणाले, "उद्या येतो मी. सातबारा घेऊन." टाळ्या पडल्या, फोटो निघाला. माझा विश्वास बसला नाही. माइकसमोर दिलेला शब्द कोर्टाच्या पायरीपर्यंत टिकत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सर आले. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आरोपीला कधीपासून ओळखता?" याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं आहे. प्रत्येक जामीनदार "लहानपणापासून" म्हणतो आणि काम पुढे सरकतं. सर म्हणाले, "मी त्याला ओळखत नाही."

न्यायाधीशांनी उद्याची तारीख दिली. वा, काय सफाईने हात झटकले, खरं बोलल्याचं पुण्यही पदरात पडलं, असं म्हणत मी बाहेर आले, तर सर गाडीत बसत होते. "तुरुंगात जाऊन येतो," एवढंच म्हणाले. तेही मला खरं वाटलं नाही.

पण ते गेले होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला तेव्हा म्हणाले, "ओळखतो. कालपासून." न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि जामीनदार मंजूर केला. चुलतभाऊ संध्याकाळी घरी आला आणि त्याच आठवड्यात वहिनीबरोबर भट्टीवर गेला.

तरी माझ्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. बार रूममध्ये दोघंच असताना मी सरांना स्पष्ट विचारलं, "एवढं का केलंत? काय बोलणं झालं तुमचं तुरुंगात?"

"बोलणं कसलं," सर म्हणाले. "मी समोर गेलो तर त्याने हात जोडले आणि विचारलं, सायब, तुमचं काय चोरीला गेलंय?"