शांत माणसांची सोय

माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हा सासूबाईंचं दुखणं सुरू झालं. आमचं गाव पारोळ्यापासून बैलगाडीने दोन-अडीच तासांवर. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणत असे. पन्नाशीची बाई, उंच, हाडापेराने मजबूत. घरात दोन मुलगे, दोन सुना, सालदार गडी, गुरं. या सगळ्यांवर त्यांचा आवाज चाले. कोणत्या पोत्यात काय आहे हे त्यांना न बघता सांगता येई.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका सकाळी त्या ओट्यावर सूप घेऊन बसल्या. सुपात ज्वारी होती. मी पाणी आणायला गेले, परत आले, दुसरी खेप करून आले, तरी त्या तशाच बसलेल्या. सूप हललं नव्हतं. चिमण्या सुपाच्या कडेवर येऊन दाणे टिपत होत्या आणि अक्का त्यांना उडवतही नव्हत्या. मी विचारलं, "अक्का, बरं नाही का?" त्यांनी आपला उजवा हात उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "हाऊ हात मना नही."

हात आपला नाही म्हणतात, म्हणजे मुंग्या आल्या असतील असं मला वाटलं. मी हात चोळून दिला. त्यांनी चोळू दिला.

त्यानंतर महिनाभरात त्या हळूहळू घरातून बाहेर पडल्यासारख्या झाल्या. म्हणजे घरातच होत्या, पण स्वयंपाकात नाही, गोठ्यात नाही, भांडणात नाही. जेवायला बसवलं तर बसत, घास हातात धरून ठेवत. जाऊबाई आणि मी आळीपाळीने भरवू लागलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून दिली तर थोडी जाई. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, अंगात आलं नाही. तसं काही झालं असतं तर घराला काय करायचं ते ठाऊक होतं. ही बाई नुसती बसून होती.

सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पहिल्यांदा भगत आणला. शेजारच्या वाडीतला म्हातारा होता. त्याने कडुलिंबाचे डहाळे फिरवले, अंगारा लावला, नाव विचारलं. जे आत शिरलं असेल त्याने आपलं नाव सांगावं अशी त्याची अपेक्षा. अक्कांनी स्वतःचंच नाव सांगितलं. त्याने तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा तेच सांगितलं. भगत जेवला आणि निघून गेला. आबांना म्हणाला, यात माझं काम नाही.

मग आमच्याकडे बांगड्या भरायला येणारी एक मुसलमान बाई होती, ती म्हणाली, पारोळ्याच्या दर्ग्यात गुरुवारी घेऊन या. गेलो. तिथे अक्कांना दोन तास झोप लागली. मुजावराने आम्हाला बोलू दिलं नाही, झोपलेल्या माणसाजवळ कोणी येऊ नये म्हणून स्वतः दारात बसून राहिला. आम्ही पाच-सहा गुरुवार गेलो. झोप तेवढी लागे, बाकी काही नाही.

पारोळ्यात एक वैद्य होते. त्यांनी नाडी बराच वेळ पाहिली. ब्राह्मी तूप दिलं, डोक्याला लावायला तेल दिलं. आबांना म्हणाले, "औषध देतो, घ्या. पण हा रोग मला कळला असं मी म्हणणार नाही. पुढे जायचं तर धुळ्याला जा, तिथे सरकारी दवाखाना आहे." आबांनी ते ऐकून घेतलं आणि आम्ही घरी आलो. धुळ्याला न्यायचं म्हणजे गावाला कळायचं.

मग एका दुपारी सालदार धावत घरी आला. अक्का मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसल्या होत्या, पाय आत सोडून. त्याने मागे जाऊन, घाबरवायला नको म्हणून हळूच विचारलं होतं, "अक्का, काय करी ऱ्हायन्या?" त्या म्हणाल्या, "काही नही. पानी देखस." त्याने हात दिला, त्या उठून त्याच्याबरोबर चालत कापसाच्या वावरापर्यंत आल्या. तिथे वेचणीच्या बायकांजवळ बसवून तो आम्हाला सांगायला आला होता.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. गावात सांगितलं, अक्का भावाकडे चालली.

मला बरोबर घेतलं त्याला कारण होतं. माझे वडील अमळनेरला मास्तर. मी मराठी पाच इयत्ता शिकलेली आणि पुस्तकी बोलणं मला येत होतं. शिवाय मला मूल नव्हतं. जाऊबाईंच्या कडेवर एक आणि पदराला दोन होती. पारोळ्याहून धुळ्याला मोटार मिळाली. अक्का वाटभर बाहेर बघत होत्या. ओकारी झाली नाही, एवढंच मला आठवतं, कारण बाकी सगळ्या बायकांना झाली.

दवाखान्यातला डॉक्टर तिशीचा, कोकणातला होता. बोलणं नाकात, चष्मा जाड. त्याला अक्कांचं बोलणं समजेना आणि अक्कांना त्याचं. मधे मी. आता सासऱ्यांसमोर तोंड उघडून बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीशी बोलावं तशी बोलू लागले. आबा खाली मान घालून जमिनीकडे बघत राहिले. दोघांनीही पुढे कधी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही.

डॉक्टरने विचारलं, "यांना उदास वाटतं का?"

मी ते आमच्या बोलीत विचारलं. अक्कांनी विचार केला. म्हणाल्या, "उदास नही. माले काहीच वाटत नही."

मी तसंच सांगितलं. डॉक्टरने चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे बघितलं. मग बरंच विचारलं. झोप किती, पहाटे जाग येते का, घरात आधी कोणाला असं झालं होतं का. अक्कांची आईही अशीच एक वर्ष बसून होती, हे मला तिथेच कळलं. आबांनाही तिथेच कळलं असावं, कारण त्यांनी मान वर केली.

डॉक्टर आबांना म्हणाला, "बाबा, या आजाराचं इस्पितळ आपल्या भागात नाही. आहे ते लांब आहे, आगगाडीने जावं लागेल. आणि तिथे घालायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. माणूस मारहाण करत असेल, पळून जात असेल, कपडे फाडत असेल, तर हुकूम लवकर होतो. या काहीच करत नाहीत. अशा शांत माणसांची सोय सरकारने केलेली नाही."

आबा म्हणाले, "मंग आते काय करानं?"

मी अक्कांना डॉक्टरचं बोलणं थोडक्यात सांगितलं. सांगायला हवं होतं की नव्हतं, कोण जाणे. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. ऐकून त्या आबांना म्हणाल्या, "माले तठे धाडी द्या."

कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून केलेली पहिली मागणी ही. आबा म्हणाले, "तठे कसाले? घर शे ना तुनं." अक्कांनी तोंड दाराकडे वळवलं. त्यांना घर सोडून कुठेतरी जायचं होतं, जिथे त्यांच्याकडे कोणी काही मागणार नाही, असं मला नंतर वाटलं. तेव्हा मला फक्त भीती वाटली, की आबा हो म्हणतील.

डॉक्टरने दुसरा मार्ग काढला. म्हणाला, "धुळ्यात खोली घेऊन राहा. दर आठ दिवसांनी मला दाखवा. झोपेचं औषध देतो, ते कुलपात ठेवायचं, यांच्या हाती द्यायचं नाही. यांना एकटं सोडायचं नाही. खायला घालायचं आणि रोज चालवायचं. मी यापेक्षा जास्त काही करू शकत नाही, पण एवढं करून बघू."

आबांनी दोन दिवस विचार केला आणि खोली पाहिली. विणकरांच्या वस्तीत एका मोमीन विधवेच्या घरामागची खोली मिळाली. आमच्या लोकांत कोणी दिली नव्हती. वेडी बाई आहे हे न लपवता सांगा, असं डॉक्टरने बजावलं होतं आणि आबांनी सगळीकडे खरं सांगितलं होतं. ती विधवा म्हणाली, "बीमार है तो क्या हुआ, बैठने दो." तिच्या अंगणात हातमाग चाले, दोन मुलगे विणत आणि ती मागासाठी सुताच्या नळ्या भरी. आबा शेतीसाठी गावी परतले. माझे यजमान पंधरवड्याने गावाहून दाणे, डाळ आणि तूप पोचवत, बाहेरच्या बाहेर बोलत आणि परत जात.

मी आणि अक्कांनी त्या खोलीत हिवाळा आणि अर्धा उन्हाळा काढला. सासू-सून म्हणून आमचं पूर्वी फारसं बोलणं नव्हतं, त्या सांगत आणि मी करी. इथे सांगणारं कोणी नव्हतं. सकाळी त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, संध्याकाळी पांझरा नदीच्या काठाने चालवायचं. दवाखान्यात गेलं की डॉक्टर तेच ते विचारी. झोप कशी, खाल्लं काय, कुठे चाललात. पहिले काही आठवडे मी उत्तरं दिली. मला ते कंटाळवाणं वाटे. तो मात्र दर वेळी पहिल्यांदाच विचारतोय अशा रीतीने विचारी.

एकदा नदीवर बसलो असताना अक्का म्हणाल्या, "तू मनं काबरं करस?"

मी त्यांचं सगळं करत होते, पण माझं त्यांच्यावर तेव्हा काही विशेष प्रेम नव्हतं. मी म्हटलं, "आबांनी सांगितलं म्हणून."

त्या म्हणाल्या, "खरं बोलनी." आणि त्यांचा खांदा जरासा सैल पडला. पुढे चालताना त्यांनी माझा हात धरला नाही, पण मी धरला तेव्हा सोडवूनही घेतला नाही.

अंगणात मागाचा आवाज दिवसभर चाले. अक्का उंबऱ्यावर बसून तिकडे बघत. म्हणजे डोळे तिकडे असत. बरं होणं सुरू झालं ते नेमकं कधी, मला सांगता येणार नाही. एका दुपारी मी डाळ निवडत होते. विधवा चरख्यावर नळी भरत होती आणि मुलाशी काही बोलत होती. अक्का एकदम म्हणाल्या, "सूत तुटनं."

तिने खाली बघितलं. खरंच तुटलं होतं. तिने गाठ मारली आणि पुन्हा बोलायला लागली. तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. मी डाळ बाजूला ठेवून अक्कांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या उंबऱ्यावरून उठून चरख्याजवळ जाऊन बसल्या. चार-पाच दिवसांनी विधवेने एक नळी त्यांच्या हातात दिली. पहिल्या नळ्या वाकड्यातिकड्या झाल्या, तिने त्या उलगडून परत भरायला लावल्या. अक्कांना कोणी काम परत करायला लावलंय हे मी पहिल्यांदा पाहत होते.

डॉक्टरला मी हे सांगितलं. त्याने झोपेचं औषध निम्मं केलं, मग बंद केलं. एका भेटीला अक्कांनी त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझी वाट न बघता दिलं. त्याला ते अर्धंच समजलं, पण त्याने मला विचारलं नाही, अक्कांनाच पुन्हा विचारलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आम्ही घरी आलो. सणाला लेकी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले. ओट्यावर बायका जमल्या. एकीने विचारलं, "भाऊकडे बराच दिन ऱ्हायन्यात?" जाऊबाईंनी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "भाऊकडे नही. धुळ्याले दवाखानाम्हा गयी व्हती. मन बिमार पडनं व्हतं."

आबा आतून ऐकत होते, ते मागच्या दाराने बाहेर गेले. इतके महिने त्यांनी सांभाळलेली गोष्ट अशी एका वाक्यात संपली. त्यांना वाईट वाटलं. ते अक्कांशी दोन दिवस बोलले नाहीत. मग बोलू लागले.

जाऊबाईंनी कोठीच्या चाव्या अक्कांपुढे ठेवल्या. अक्का आबांना म्हणाल्या, "चाव्या तिनाकडेच ऱ्हाऊ द्या." त्यांनी फक्त गायी घेतल्या. दूध काढायचं, चारा बघायचा, संध्याकाळी चालून यायचं. पूर्वीचा आवाज परत आला नाही. जाऊबाईंना तो आवाज हवाहवासा वाटू लागला, कारण आता सगळ्यांशी भांडायचं काम त्यांच्यावर आलं होतं.

अक्का उघड बोलल्या त्याचा परिणाम असा झाला, की आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली. फार नव्हेत. कधी एखादी बाई, कधी एखाद्या तरुण मुलाचा बाप. हळू आवाजात विचारत, "तो डाक्टर कोठे बसस?" अक्का मला हाक मारत आणि मी सांगे. दवाखाना कोणता, कोणत्या बाजूने आत जायचं, खोली शोधायची तर काय सांगायचं. दोन घरांना त्याचा उपयोग झाला असं कानावर आलं. एका मुलाला त्याच्या बापाने नेलंच नाही.

मग दुसरं मोठं युद्ध सुरू झालं आणि त्या डॉक्टरची बदली झाली. त्याच्या जागी आलेले गृहस्थ ताप, जुलाब, हाड मोडणं हे चांगलं बघत, पण या आजाराचं नाव काढलं की मॅजिस्ट्रेटकडे जा म्हणत. आम्हाला हे कळलं ते अक्कांचं दुखणं उलटलं तेव्हा. आम्ही धुळ्याला गेलो आणि तसेच परत आलो. घरी येऊन मी आणि जाऊबाईंनी पहिल्या वेळी केलं होतं तेच केलं. एकटं सोडलं नाही, भरवलं, चालवलं. झोपेचं औषध नव्हतं, त्यामुळे ते दिवस फार कठीण गेले. या वेळी बरं व्हायला वर्ष लागलं. आबा रोज संध्याकाळी स्वतः त्यांच्याबरोबर शेताच्या बांधाने चालत. पुढे काही वर्षांनी अक्का साध्या तापाने गेल्या.

त्या गेल्या त्याच्या आदल्या पावसाळ्यात अमळनेरच्या बाजूची एक बाई आली होती. तिचा नवरा तेलाच्या गिरणीत होता आणि कामावर जायचा थांबला होता. मी तिला खरं सांगितलं, की तो डॉक्टर आता नाही आणि दुसरा कोण आहे ते मला माहीत नाही. ती उठेना. अक्कांनी तिला गोठ्याशेजारी बसवलं, दुधाचा पेला दिला आणि बराच वेळ तिच्याशी बोलल्या. मला दोनच वाक्यं ऐकू आली. "त्याले एकलं सोडू नको. भूक ऱ्हावो ना ऱ्हावो, खावाडत जाय." बाई दूध पिऊन गेली. परत आली नाही, आणि तिचं गाव विचारायचं राहून गेलं होतं.