काश्यप गोत्राचा घोळ

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात वनमाला तावडे कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. एवढ्यावरून भांडुपच्या चाळीत तिला ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणत आणि तिला त्याची चीड यायची. दिवसभर लोकांची नावं-गावं पडद्यावर भरायची, यात कसलं आलंय कौतुक? घाटकोपरच्या क्लासात ती डीबेस शिकली होती. फाईल उघडा, माहिती भरा, यादी छापा, की क्लास संपला! वनमालाला त्याच्या पुढचं हवं होतं. तिला प्रोग्राम लिहायचा होता.

मालक विद्याधर दामले तसे भले गृहस्थ. पण विषय निघाला की म्हणायचे, “बाई, टायपिंगला तुमचा हात कोण धरणार?” म्हणजे तिथंच बसा.

सत्त्याऐंशी साली मुलुंडच्या एका वधू-वर सूचक मंडळाचं काम आलं. दामल्यांचा नेहमीचा प्रोग्रामर गोरेगावला राहायचा, तो दुसऱ्या कामात अडकलेला. वनमालानं संधी साधली. “सर, मी करू?”

“करा. पण मंडळाच्या बाईंसमोर फजिती झाली, तर पुन्हा प्रोग्रामचं नाव काढायचं नाही.”

जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी जाडजूड मॅन्युअल उघडून ती शिकली. मुलीचा नंबर दिला की जात, वय, उंची, शिक्षण बघून प्रोग्राम स्थळं काढायचा आणि सगोत्र असेल ते गाळायचा. तपासायला दामल्यांनी आपल्याच नातेवाइकांची नावं दिली होती. भारद्वाज, कौशिक, शांडिल्य, अत्री. प्रोग्राम झकास चालला. मग तिनं मंडळाची खरी नावं भरली आणि निर्धास्त झाली. इथंच चुकलं.

मंडळाच्या पद्मजाताई करंदीकर बघायला आल्या. पहिली मुलगी दहिसरची शकु राणे. पडद्यावर आलं, स्थळ नाही. दुसरी द्रौपदी परब. स्थळ नाही. राणे, परब, सावंत, कोकणातली एकही मुलगी उजवायला प्रोग्राम तयार होईना.

“अहो दामले,” पद्मजाताई म्हणाल्या, “आमचं मंडळ लग्नं जमवायला आहे, मोडायला नाही. मी शनिवारी पुन्हा येते.”

त्या गेल्यावर दामले म्हणाले, “बाई, तुम्ही टायपिंगला लागा. मी गोरेगावला फोन करतो.”

वनमाला म्हणाली, “शनिवारपर्यंत थांबा ना, सर. तोवर जमलं नाही तर मी पुन्हा मागणार नाही.” गोरेगावचा माणूस तोवर मोकळा होणारच नव्हता, म्हणून दामले थांबले.

तिनं राणे, परब, सावंत सगळ्यांची गोत्रं पडद्यावर मागवली. काश्यप, काश्यप, काश्यप. ती बघतच राहिली आणि मग मोठ्यानं हसली. कणकवलीला तिच्याच लग्नात भटजींनी गोत्र विचारलं होतं. वडिलांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मांडवाकडे. सरावलेल्या भटजींनी सांगून टाकलं, “काश्यप म्हणा.” ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, हा रिवाजच. अर्ध्या कोकणाला प्रोग्रामनं एका गोत्रात कोंबलं होतं. दामल्यांना ते सुचलं नाही हे ठीक, पण तावड्यांच्या सुनेला सुचू नये?

तिच्याकडे सोयरीक करताना देवक बघतात. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस. देवक एक निघालं की बोलणी थांबली. अर्जांवर देवकं होती, पण दामल्यांच्या घरी ती भानगड नाही, म्हणून कॉम्प्युटरात त्याला रकानाच नव्हता. शिवाय काही घराण्यांची देवकं दोन-तीन. एका रकान्यात मावणार कशी?

देवकांची वेगळी फाईल करायची, दोन्ही फायली एकदम उघडायच्या, नंबरानं एकीला दुसरी जोडायची. ज्याचं देवक सापडेल त्याचं देवक बघायचं, बाकीच्यांचं गोत्र. क्लासात यातलं अक्षर शिकवलं नव्हतं. पहिल्या खेपेला पडदाभर एकच नवरदेव उगवला. खंडू सावंत, खंडू सावंत, थांबायचं नावच नाही. पुढच्या नावावर जा, हे प्रोग्रामला सांगायचंच राहिलं होतं. तिनं स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि ती ओळ घातली.

शनिवारी पद्मजाताई आल्या. वनमालानं शकु राणेचा नंबर दिला. पडद्यावर एक नाव आलं. मग आणखी एक. मग आणखी. पद्मजाताईंनी अर्ज काढून एकेक देवक ताडून पाहिलं. एकही चुकलं नव्हतं. वनमालाला वाटलं, खुर्चीवर उभं राहून ओरडावं.

“दामले, आता पत्रिकेतले छत्तीस गुणसुद्धा जुळवून द्या,” पद्मजाताई म्हणाल्या. “तुमचा प्रोग्रामर किती दिवस घेईल?”

दामल्यांनी वनमालाकडे पाहिलं.

“महिनाभर लागेल, ताई,” ती म्हणाली. “आणि सर, टायपिंगला आता दुसरं कुणीतरी बघा.”